बाईंना पुढची नोकरी मिळाली कशी?

हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही छोटेखानी भयकादंबरी १८९८ साली ‘कॉलिअर्स वीकली’त क्रमशः आली. तेव्हापासून तिच्या शेवटावरून एकच भांडण चालू आहे: भुतं खरी होती, की बाईंना भास होत होते? मला मात्र दर वेळी भलतीच शंका येते. एवढं सगळं होऊनही या बाईंना पुढची नोकरी मिळाली कशी?

शेवट आधीच फोडला म्हणून कुणी रुसू नये. या पुस्तकाचा शेवट वाचूनही कळत नाही, तर ऐकून काय कळणार?

लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचा एक देखणा, श्रीमंत गृहस्थ आपल्या पोरक्या पुतण्या-पुतणीसाठी गव्हर्नेस नेमतो. तिचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून आपण नुसतं ‘बाई’ म्हणू. मुख्य अट एकच: काहीही झालं तरी मला कळवायचं नाही. बाई ब्लाय इथल्या वाड्यावर रुजू होतात. मुलं गोड आहेत, इतकी की संशय यावा. दहा वर्षांच्या माइल्सला शाळेनं काढून टाकलंय. का, ते पत्रात लिहिलेलं नाही. मग बाईंना पीटर क्विंट हा पूर्वीचा नोकर आणि मिस जेसल ही आधीची गव्हर्नेस दिसू लागतात. दोघंही मेलेली. अखेरच्या प्रसंगी क्विंट खिडकीबाहेर उभा असतो, निदान बाईंना तरी दिसतो. त्या माइल्सकडून त्याचं नाव वदवून घेतात. पोरगं नाव घेतं, ‘सैतान’ म्हणून ओरडतं आणि बाईंच्या मिठीतच त्याचं हृदय बंद पडतं. पुस्तक संपलं. सैतान क्विंट की बाई, तेही आपणच ठरवायचं.

नारायण धारपांच्या समर्थकथांवर वाढलेल्या वाचकाला हा अन्याय वाटणारच. तिथे संकट कितीही अघोरी असो, समर्थ पाठीशी असतात. इथे कोण आहे? काका, आणि त्यांना तर कळवायचंच नाही.

तेव्हा वाचकांनीच कोर्ट भरवलं. भूतपक्षाची हुकमी साक्षीदार म्हणजे घराची व्यवस्था पाहणारी मिसेस ग्रोस. बाईंनी क्विंटला जिवंतपणी पाहिलेलं नव्हतं, तरी त्यांनी वर्णन करताच तिनं त्याला ओळखलं. भासपक्ष त्याच साक्षीदाराला तळ्याकाठी नेतो: बाई मिस जेसलकडे बोट दाखवतात, पण मिसेस ग्रोसला काही दिसत नाही. माइल्सची छोटी बहीण फ्लोराही कुणी नाही म्हणते. १९३४ साली एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकानं भासपक्षाचं वकीलपत्र घेतलं. त्याचा रोख असा, की बाई मनातून मालकावर भाळलेल्या, इच्छा दडपलेल्या, बाकी सारा मनाचा खेळ. जमानाच फ्रॉइडचा होता. ते वर्णन आड येऊ लागलं, तेव्हा कुणी सुचवलं की बाईंनी गावात चौकशी केली असेल! उलट बेंजामिन ब्रिटननं १९५४ साली यावर ऑपेरा केला, त्यात भुतं चक्क गातात. टेनरमध्ये तान घेणाऱ्याला भास म्हणण्याची हिंमत कोण करणार?

जेम्स मात्र नामानिराळे. १९०८ च्या प्रस्तावनेत त्यांनी आपली युक्ती सांगून टाकली: दुष्टपणा नेमका काय ते आपण सांगायचंच नाही, वाचक स्वतःच्या पदरचं घालतो. म्हणजे पुस्तकातलं सगळ्यात वाईट सामान आपणच घरून नेलेलं.

आता नोकरीचं. कादंबरीच्या सुरुवातीलाच डग्लस नावाचा माणूस सांगतो, की या बाई पुढे माझ्या बहिणीच्या गव्हर्नेस होत्या आणि त्यांच्या पेशात इतकी भली बाई मी पाहिली नाही. म्हणजे एक मूल हातात दगावलं, दुसरं आजारी पडून लंडनला धाडावं लागलं, तरी बाईंचं बस्तान बसलं. शिफारसपत्र दिलं कुणी?

मला वाटतं, उत्तर बाईंच्या स्वभावात आहे. त्या प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या आणि त्यांना कधीही फार काळ शंका छळत नसे. मुलाखतीत अशा माणसाची छाप पडतेच. भूत खरं मानलं की दोष मेलेल्यांच्या माथी जातो. भास मानला की रोगाला नाव मिळतं. दोन्ही निकालांनी आपली सोय होते. पण कोणताही निकाल द्या, घाबरलेल्या पोराला घट्ट धरून ‘बोल, बोल’ म्हणणारे हात बाईंचेच राहतात, आणि तेही त्याच्या भल्यासाठी. मला क्विंटपेक्षा त्या हातांची भीती जास्त वाटते. शतकभर या कादंबरीला धरून ‘बोल, भूत की भास?’ विचारणारे आपण तरी वेगळं काय करतो?

तेव्हा वाचा जरूर. एकदा भूतपक्षाकडून, एकदा भासपक्षाकडून. आणि घरातलं एखादं पोर गप्प असलं, तर लगेच कबुलीजबाब घ्यायला बसू नका. जरा गप्प राहू द्या त्याला.