मुक्काम किती दिवसांचा?

दुर्मीळ पक्षी आपल्याकडे बहुधा शनिवारी-रविवारी येतात आणि शनिवारी-रविवारीच जातात. भिगवण, नांदूरमधमेश्वर, ठाणे खाडी, कुठल्याही हौशी पक्षीनिरीक्षकाची वही उघडा, तारखा हेच सांगतील. हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या जिवाला आमच्या सुट्ट्या कशा कळतात, हे कोडं तसं अवघड नाही. पक्षी मंगळवारीही चिखलात चोच खुपसून उभाच असतो. दुर्बीणवाला तेवढा कचेरीत असतो.

मुक्काम मोजायचा म्हणजे शेवटच्या नोंदीतून पहिली नोंद वजा करायची. वजाबाकी सोपी, पण दोन्ही तारखा माणसांच्या सवडीच्या. त्यातल्या त्यात आगमनाची बरी. कधी न पाहिलेलं बदक दिसलं की फोन खणखणतात, पहाटे गाड्या निघतात, बांधावर भल्यामोठ्या लेन्सांची रांग लागते. पुढच्या आठवड्यात निम्मे लोक, मग कुणीतरी नुसतंच विचारतो, "आहे का अजून?" पाहुणा आला तेव्हा अख्खं घर दारात होतं, गेला तेव्हा सगळे आपापल्या कामात. शिवाय ‘पहिल्यांदा दिसला’ हे त्याच दिवशी लिहिता येतं, पण आजचं दिसणं शेवटचं होतं, हे पुढच्या दोन-तीन खेपा रिकाम्या गेल्यावरच उमगतं.

बरं, नोव्हेंबरात दिसलेला आणि फेब्रुवारीत दिसलेला पक्षी एकच कशावरून? यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची मंडळी पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचं हलकं कडं घालत आली आहेत. सालिम अलींनी असं कडं घातलेला एक करडा धोबी दर हिवाळ्यात हिमालयाकडून मुंबईतल्या त्याच छोट्याशा हिरवळीवर येत असे. अमूर ससाण्यांची तर आणखी चोख व्यवस्था झाली. 2013 साली नागालँडमध्ये तिघांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली गेली; त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. सैबेरिया-चीनकडून निघून भारत आणि अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेला जाणारे हे जेमतेम दीडशे ग्रॅमचे जीव. कोण कुठे किती टेकला, ते यंत्र सांगतं. पण प्रत्येक पाहुण्याच्या पाठीवर यंत्र कोण बसवणार? दर जानेवारीत होणारी पाणपक्षी गणना त्या दिवसांत किती होते ते सांगते. किती दिवस होते, ते तिला कोणी विचारलेलंच नसतं.

खरा जाणकार निघतो तो भिगवणजवळच्या कुंभारगावचा होडीवाला. मासेमारी करता करता इथले कित्येकजण पक्षी दाखवू लागले. उजनीच्या पाण्यावर त्याची रोजची फेरी. "त्यो? त्यो बुधवारीच गेला की," तो वल्हं मारता मारता सांगतो आणि शहरातून आलेल्यांचे चेहरे उतरतात. त्यानं गुरुवारीही पाहिलेलं असतं, शुक्रवारीही, आणि दोन्ही दिवशी जागा रिकामी होती. मुक्कामाचा शेवट या रिकाम्या जागेनंच ठरतो, पण तिची नोंद कुणी करत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना म्हणूनच विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो.

आपली गंमत अशी की पक्षी दिसला तर आपण फोटो टाकतो आणि नाही दिसला तर गप्प बसतो. वास्तविक तारीख, वेळ आणि ‘दिसला नाही’ एवढं लिहिलं की पेट्रोल जाळून, झोपमोड करून, होडीचं भाडं देऊन केलेली खेप वसूल होते. विज्ञानाला हे ताबडतोब पटतं. घरच्यांना पटायला थोडा वेळ लागतो.