डबलडेकर आबा

इंझोरीत दुमजली घरं मोजकीच. दुमजली बस तर गावानं कधी पाहिलीच नाही. मानोऱ्याहून कारंज्याकडे जाणारी लाल एस.टी. एकमजली, आणि तीही आली तर आली. तरी आमच्या गावात एक डबलडेकर आबा आहेत. तरुणपणी त्यांनी मुंबई गाठली, बेस्टच्या डेपोत फिटर झाले आणि उभा जन्म तांबड्या दुमजली गाड्यांच्या पोटात डोकं घालून काढला. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा डोकं गाडीतून बाहेर आलं, गाडी काही डोक्यातून बाहेर आली नाही.

बाकीचं जग आत कसं शिरायचं या चिंतेत असतं. आबांना बाहेर कसं पडायचं याची काळजी. लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडं नंतर बघतात, आधी मांडवाला प्रदक्षिणा घालतात. "वाटा दोन ठेवल्या, अन् एकीत जनरेटर उभा केला!" असं यजमानाला अक्षता पडायच्या आत ऐकवतात. मग कनात जिथं उघडी असेल तिथली खुर्ची धरून बसतात. पंगतही नेमकी तिकडूनच सुरू होते, हा योगायोग नाही असं त्यांच्या सोयऱ्यांचं म्हणणं आहे.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी मुद्दाम काडी टाकतं. "आबा, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलो होतो एकदा. काय हवा लागे बाप्पा!"

झालं. आबा कप खाली ठेवतात.

"हवा लागे. अन् जिने कित्ती होते?"

"एकच असन."

"एकच! वर बसभर मानूस, अन् उतराले एका मानसाची वाट. पुढं इंजन. त्याच्याजवळून डिझलचा पाइप, बाजूले तापलेला सायलेन्सर. रबर म्हातारं झालं का तडकते. वायरिंगले जोडावर जोड. आसनात फोम, वरून रेग्झीन. एक ठिनगी पडली का धूर कुठी जाते?"

"वर," टपरी एका सुरात म्हणते. हा वर्ग रोजचाच आहे.

"अन् मानूस कुठी बसला हाये?"

"वर."

"मंग! आग मानसापाशी पोचाच्या आधी धूर पोचते. गाडीचं वय काऊन सांगता मले? म्हातारं इंजन म्या खोलून नवं केलं असतं. जिना कुठून आनू? नकाशातली चूक पान्यानं दुरुस्त होत नाई."

मुंबईत डबलडेकर आली १९३७ साली. डिझेलची शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निघाली तेव्हा तिला हारफुलं घातली, लोकांनी फोटो काढले, टीव्हीवर डोळे पुसणारे दिसले. टपरीवाल्यानं आवाज मोठा केला आणि सगळे आबांकडं बघू लागले. आता तरी माणूस हळवा होईल! त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या नव्या वातानुकूलित डबलडेकर रस्त्यावर आल्या होत्या. त्यांना जिने दोन आहेत, शिवाय संकटकाळचं दार वेगळं. आबांनी हिशेब केला आणि म्हणाले, "शहाऐंशी वर्सं लागली दुसरा जिना सुचाले."

एवढ्यावर थांबते तर आबा गावाचे लाडके झाले असते. पण त्यांचं म्हणणं असं, की मुंबईनं टाकलेली डबलडेकर आपण पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या रूपानं उचलून आणली. स्लीपर म्हणजे काय? खाली बर्थ, वर बर्थ, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, प्रत्येकाला पडदा, आणि दार पुढं एक. घरटी एक पोरगं पुण्याला. तिकीट काढताना चार्जिंग आहे का, एसी आहे का, पाण्याची बाटली मिळते का, एवढं विचारतं. आबा कारंज्याच्या काउंटरवर वेगळंच विचारतात.

"संकटकालीन दार?"

"हाये ना आबा, मांगं."

"दाखव."

मागं दार असतं. दारासमोर बर्थ असतो, बर्थवर सोयाबीनचे कट्टे असतात, कट्ट्यांवर कुणाच्या तरी मुलीच्या संसाराचा मिक्सर.

"हे दार हाये का गोडाऊन? बरं, काच फोडाची हातोडी?"

"ठेवतो, पन लोकं घरी नेतात."

मग आबा पिशवीत हात घालतात. शिदोरी, औषधाची डबी, आणि खाली फडक्यात गुंडाळलेली स्वतःची हातोडी. "म्या घरून आनली," म्हणतात, आणि आसपासच्या प्रवाशांना फुकट शिकवणी देतात: काचेच्या मधोमध मारू नका, कोपऱ्यात मारा. पडद्याआडून कुणीतरी म्हणतं, "आजोबा, शुभ बोला."

१ जुलै २०२३ च्या पहाटे मात्र कुणी असं म्हणालं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली ती दाराच्याच बाजूवर. दार जमिनीखाली गेलं, गाडीनं पेट घेतला, २५ माणसं गेली. वाचले ते काच फोडून निघाले. त्याआधी, ८ ऑक्टोबर २०२२ ला, यवतमाळहून मुंबईला जाणारी बस नाशिकमध्ये जळाली होती. १२ जण गेले. आपल्याच वाटेवरच्या गाड्या, आपल्यासारखीच माणसं. सिंदखेडराजाची बातमी आली त्या दिवशी टपरीवर आबा आले, पण बोलले नाहीत. सगळ्यांना ते बोललेले हवे होते.

महिनाभर पोरं काउंटरवर दार विचारत होती. पोळा आला आणि पुन्हा चार्जिंग विचारू लागली.

आबा विचारत राहिले. काउंटरवाल्यानं भांडून पाहिलं, आरटीओचं नाव ऐकून घाबरून पाहिलं, शेवटी स्वतःपुरता सोपा मार्ग काढला. आबांच्या नावावर तिकीट निघालं की तो क्लीनरला फोन करतो: "इंझोरीचा म्हातारा हाये आज. मांगचे कट्टे उतरव, हातोडी लाव." त्या एका रात्री ती गाडी कायद्याच्या पुस्तकातल्यासारखी असते. आबा उतरले की दुसऱ्या दिवशी कट्टे परत आपल्या जागी.

ही गोष्ट गावात फुटायला वेळ लागला नाही. तेव्हापासून बाळंतीण लेक पुण्याला पाठवायची असो, की म्हाताऱ्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला न्यायचं असो, माणूस आधी तारीख ठरवत नाही. आबांच्या ओट्यावर येतो, तंबाखू पुढं करतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि हळूच विचारतो,

"मंग आबा, पुन्याले कधी जाता?"

"मले काई काम नाई पुन्याले."

"काम आमी काढतो ना, तुमी फक्त तिकीट काढा."