मिसिंगच्या गुन्ह्याचा तपास

रविवारच्या सकाळी ज्या सद्गृहस्थाने घरच्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडून, शेजाऱ्यांच्या देखत, प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटरचे टोपण अशा यच्चयावत वस्तूंचा जीर्णोद्धार केला, आणि ज्याची तोवर बरी चालणारी मोटार दुपारी फाटकाबाहेर पडताच आचके देऊ लागली, त्याच्या उपयोगासाठी प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत.

अशा प्रसंगी आद्य कर्तव्य म्हणजे पेट्रोलला दोष देणे. त्यानंतर पंपवाला, पावसाळी हवा आणि मागे केव्हातरी गाडीला हात लावलेला मिस्त्री यांच्यावर अनुक्रमे फिर्याद गुदरावी. ही कलमे यथाविधी उरकून घेणेच इष्ट, कारण ती मनातून उतरल्याखेरीज माणूस खऱ्या आरोपीकडे, म्हणजे सकाळी पाना ज्याच्या हाती होता त्याच्याकडे, वळतच नाही. तपास मात्र उलट्या क्रमाने करावा: ज्या भागाला हात शेवटी लागला, त्याची जबानी पहिली.

बहुधा तो भाग म्हणजे प्लगच्या वायरी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या 1089 सीसी इंजिनाचे चार सिलिंडर एका रांगेत उभे असले तरी त्यांचा मान रांगेने येत नाही. ठिणगी पडते ती 1-3-4-2 या क्रमाने, आणि वायरी लावायच्या त्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने. दोन वायरींची अदलाबदल झाली असता गाडी लंगडत का होईना चालते, कार्बोरेटरमधून शिंकते आणि सायलेन्सरमधून असा बार काढते की गल्लीतली कुत्री स्थलांतर करतात. तीन चुकल्या तर ती बहुधा चालूच होत नाही, व त्या दिवसापुरता पेट्रोलचा प्रश्न निकालात निघतो.

क्रम बरोबर असेल तर इंजिन मंद चालू ठेवून एकेक वायर क्षणभर काढून पाहावी. जी काढताच इंजिन कण्हू लागते ती निर्दोष. जी काढली काय नि ठेवली काय, इंजिनाला सोयरसुतक नाही, तिच्याच सिलिंडरमध्ये गुन्हा घडतो आहे. 12 व्होल्टचे कित्येक हजार करणे हा कॉइलचा धंदा असल्याने हातात कोरडी, रबरी मुठीची पक्कड असावी. नपेक्षा चराचर व्यापून राहिलेल्या शक्तीचा साक्षात्कार बॉनेटपाशीच होतो. मग त्या सिलिंडरचा प्लग बाहेर काढावा. फिकट तपकिरी असेल तर त्याला सोडून द्यावे. ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे पण पेटत नाही. आणि चिनीमातीवर केसाएवढा तडा दिसला, तर तो प्लग सकाळी बसवताना पाना तिरका धरला गेला होता, याचा तो पुरावा समजावा.

आता पॉइंट. वस्तू एवढीशी, पण इंजिनाचे मिनिटाला 3000 फेरे होत असताना ही चिमुकली जोडी सेकंदाला शंभर वेळा उघडते आणि मिटते, हे ध्यानात घेऊनच तिच्याशी वागावे. सद्गृहस्थ ती पॉलिश पेपरने घासून लखलखीत करतात. पेपरचे कण मध्ये राहतात, बोटाचे तेल वर बसते, आणि ठिणगी अशक्त होते. कोऱ्या, कोरड्या कागदाची पट्टी मधून ओढून तो मळ काढावा. शिवाय फट फिलर गेजने न मापता नजरेने ठेवलेली असते, आणि फट वाढली की टायमिंगही पुढे सरकते, ही गोष्ट नजरेला कोणी सांगितलेली नसते. एका तोंडावर टेंगूळ व दुसऱ्यावर तितकाच खळगा आढळला तर कंडेन्सरला हजर करावे. तो नवा आहे, ही सबब ग्राह्य धरू नये.

कार्बोरेटरला सकाळी हात लावला नसेल तर आताही लावू नये.

पावसाळ्यात एक परीक्षा रात्री करण्याजोगी आहे. गॅरेजमधला दिवा घालवून, इंजिन चालू ठेवून, बॉनेटखाली डोकावावे. वायरीच्या जुन्या कातडीतून किंवा टोपणाच्या बारीक चिरेतून निळसर ठिणग्या इंजिनाच्या अंगावर उड्या मारताना दिसल्या, तर प्लगला पोचवायचा करंट वाटेतच कोण वळवून घेते याचा उलगडा होतो. वायरी बदलाव्या, टोपण नवे घ्यावे. त्यांवर टेप गुंडाळून पेन्शन पुढे चालू ठेवू नये.

एवढ्यानेही आचके थांबले नाहीत तर मिस्त्री शोधावा. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 साली उठल्यापासून हे इंजिन रोज उघडणारे हात विरळ होत चालले आहेत, तेव्हा सापडेल त्याच्याशी अदबीने वागावे. 'मी काहीही उघडलेले नाही' असे कथन त्याच्यासमोर करू नये. डिस्ट्रिब्युटरमधल्या स्क्रूची चिरडलेली खाच त्याने तुमच्या आधी वाचलेली असते. आणि मजुरीत घासाघीस मुळीच करू नये.