नास्तिकेचा मुहूर्त

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींची दोन ठाम मतं आहेत. हल्लीच्या पोरांनी देवधर्म पार सोडला, हे पहिलं. हल्लीची पोरं फारच देवदेव करायला लागली, हे दुसरं. दोन्ही एकाच माणसाची असतात. मध्ये फक्त चहा झालेला असतो.

दोन्हींना पुरावा आमच्या घरातच मिळतो. पुतण्या एरवी नऊच्या आत डोळे उघडत नाही, पण नवरात्रात दुर्गामाता दौडीसाठी भल्या पहाटे अनवाणी दारात उभा. त्यालाच अथर्वशीर्ष म्हणायला सांगा. ‘काका, मोबाइलवर लावू का?’ वहिनींना त्याच्या भक्तीपेक्षा तो उठला याचंच अप्रूप.

खरं तर भक्ती आवाजावरून मोजू नये, हे सांगलीकराला तरी कळायला हवं. आमच्या संस्थानच्या गणपतीच्या देवळात चतुर्थीच्या चार दिवस आधीच चोर गणपती येऊन बसतो. ना ढोल, ना ताशा.

पुतणी वालचंदला इंजिनिअरिंगला आहे आणि नास्तिक आहे. सांगलीतूनच निघणारं अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र ती वाचते आणि आईला, म्हणजे तिच्या आजीला, दिसेल असं मुद्दाम टेबलावर ठेवते. आई त्यावर शांतपणे मटार सोलते.

पण पावसानं जोर धरला की या दोघींचं गूळपीठ जमतं. कारण नरसोबाची वाडी. कृष्णा फुगली की पाणी तिथल्या देवळात शिरतं, दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वारी स्नान घडणं म्हणजे मोठं पुण्य. पंचाईत अशी, की हा योग कुठल्याच पंचांगात छापलेला नसतो. पाणी कमी असून भागत नाही, जास्त झालं तर देऊळच बुडतं. मुहूर्त असतो तो पाटबंधारे खात्याच्या आकड्यांत.

तिथं आमची नास्तिक कामाला येते. कोयना धरणातून विसर्ग किती, आयर्विन पुलापाशी किती फूट, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का (कारण ते पाणी घेऊन पंचगंगा वाडीलाच कृष्णेला मिळते), सगळं तिच्या वहीत. आयर्विनला 40 फुटांवर इशारा आणि 45 वर धोका, हे तिला मनाच्या श्लोकांसारखं पाठ. मनाचे श्लोक मात्र येत नाहीत.

‘आजी, आज रात्री नको. उद्या पहाटे.’

आई भटजींनी काढलेल्या मुहूर्तावर दोनदा शंका घेते, हिच्यावर एकदाही नाही. पहाटे स्कूटर निघते. आजीला सावरायला ही कमरेएवढ्या पाण्यात उतरते आणि नखशिखांत भिजते.

‘घडलं की गं तुला स्नान!’

‘मी फक्त तुला धरलं होतं.’

‘ते तू दत्तगुरूंना सांग.’

येताना दोघी कवठाची बर्फी घेतात. बर्फीवर पुतणीची श्रद्धा अढळ आहे.

ही कीर्ती आईच्या भिशीत पोचायला वेळ लागला नाही. साऱ्या बायका रात्री-अपरात्री हिलाच फोन करू लागल्या. शेवटी वैतागून पोरीनं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. नाव आईनं सुचवलं: ‘श्री गुरुदेव दत्त पाणीपातळी’. सगळ्या सदस्य रोज सकाळी हात जोडलेली चित्रं पाठवतात. अ‍ॅडमिन तेवढी क्युसेक पाठवते.