अपघाताने आलेली

नव्या नटीची मुलाखत हाती आली की मी आधी ‘या क्षेत्रात कशा आलात?’ हा प्रश्न शोधतो. उत्तर ठरलेलं असतं. ‘खरं सांगू का, मी अपघातानेच आले.’ गेल्या महिन्यात एका रविवारच्या पुरवणीत आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कन्येनंही हेच उत्तर दिलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. तो अपघात घडायला कित्येक वर्षं लागली होती आणि त्यातला बराच काळ मी घटनास्थळी हजर होतो.

तिचं नाव सांगत नाही. एक तर ते दोनदा बदललंय. उच्चार तोच, पण कुणाच्या तरी सल्ल्यानं इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ वाढला. वर्षभर काम आलं नाही, तेव्हा तो काढून शेवटी ‘एच’ लावला. दुसरं म्हणजे ही काही एकटी नाही. कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत आणि नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत दर दोन-तीन सोसायट्यांमागे अशी एक मुलगी असतेच. नाव तुम्ही तुमच्या सोसायटीतलं घाला.

अपघाताची पहिली नोंद गणपतीतली. सोसायटीच्या बालनाट्यात आठ वर्षांची ही झाड झाली होती. झाडाला वाक्य नव्हतं. पण शिकारी मेला तेव्हा झाडानं असा काही हंबरडा फोडला की मेलेला शिकारी दचकून उठून बसला. टाळ्या झाडाला पडल्या. पुढच्या रांगेतून वहिनी, म्हणजे तिची आई, आमच्या हिला म्हणाल्या, ‘हिच्यात काहीतरी आहे हो!’ महाराष्ट्रातले असले सगळे अपघात याच वाक्यापासून सुरू होतात. मग कथक आलं, उन्हाळी नाट्यशिबिरं आली आणि ‘ळ’ नीट यावा म्हणून रोज परवचा आला.

वहिनींकडे दाखले तयार असायचे. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, कधी कधी जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, तिथून श्याम बेनेगलांनी तिला सिनेमात नेली. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोर, ‘सैराट’ केला आणि २०१६मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत विशेष उल्लेखासह झळकली. हिच्या बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की त्या दोघींच्या घरी आधीपासून अशी यादी केलेली नसणार. पण वहिनींनी धीर सोडला नाही. लेकीला आठ दिवस जीन्सवर साडी नेसवून गॅलरीत मोठ्यानं पेपर वाचायला लावला. अपघात झाला नाही. बेनेगलांना आमच्या गल्लीत यायचं काही कारणही नव्हतं.

कॉलेजात पुरुषोत्तम करंडक आला. १९६३पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा म्हणजे पुण्यात अभ्यास बुडवायचा मान्यताप्राप्त मार्ग. पहिल्या वर्षी हिनं फक्त ‘अरे, आव्वाज कुणाचा!’ ओरडून घसा बसवून घेतला. दुसऱ्या वर्षी प्रॉपर्टी सांभाळली, म्हणजे आमच्या घरातली आरामखुर्ची नेली आणि तीन पायांची परत आणली. तिसऱ्या वर्षी भूमिका मिळाली. त्या दिवसापासून ती ‘हो’ म्हणण्याआधी अडीच सेकंद थांबायला लागली. ‘चहा घेतेस का गं?’ विचारलं तरी आधी खिडकीबाहेर बघायची. याला पॉज म्हणतात, असं मला नंतर कळलं. बाबा नातेवाइकांना सांगत, ‘ती सध्या एम.कॉम. करतेय.’ ते खोटंही नव्हतं. सलग पाच वर्षं करत होती.

मग मुंबई सुरू झाली. पहाटे उठून सिंहगड एक्स्प्रेस, दादर, अंधेरी, वर्सोवा आणि आराम नगर. इथल्या बैठ्या बंगल्यांमधून ऑडिशन्स चालतात. या वस्तीत आराम सोडून सगळं मिळतं. दारात एक मुलगा वही घेऊन उभा असतो. तो तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघतो आणि म्हणतो, ‘नॉट फिट.’ झाली ऑडिशन. आत शिरायला मिळालंच तर कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावं प्रोफाइल, उजवं प्रोफाइल आणि हात पुढून-मागून दाखवायचे. पुण्यात पाच फूट तीन इंच असलेली ही मुलगी लोणावळा ओलांडेपर्यंत पाच फूट पाच इंच होते. वयाचं नेमकं उलटं. घाट उतरताना त्यातली तीन वर्षं कुठे गळतात, ते रेल्वेलाच ठाऊक.

एकदा ही दुपारी तीनपर्यंत रांगेत उभी होती, तेव्हा मी फोनवर तिला धीर द्यायला जुना दाखला ऐकवला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, म्हणजे १९१३मध्ये, फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या पुरुषाला त्यांनी साडी नेसवली. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. हे सगळं ऐकून ती म्हणाली, ‘काका, तेव्हा जन्मायला हवं होतं. आज माझ्यापुढे जिन्यावरून खाली गल्लीपर्यंत तारामत्याच आहेत.’

त्या दिवशी जाहिरातीला ‘मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय मुलगी’ हवी होती. हिला नाकारलं. कारण? ‘मराठी वाटत नाही.’ पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी घरकामाच्या बाईसाठी मात्र ती चटकन मराठी वाटली. मुंबईच्या हिंदी पडद्यावर मराठी मुलीसाठी एवढी एक जागा कायमची राखीव असते. वहिनींनी वहीत लिहिलं, ‘ऑडिशन क्र. ३८. वाटत नाही. क्र. ३९. फार वाटते.’

ती वही हा या चरित्राचा मूळ दस्तऐवज. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, वर ‘श्री’. रकाने तारीख, ठिकाण, कपडे, खर्च आणि निकाल असे. निकालाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘कळवतो म्हणाले’ आहे. पुढे पुढे वहिनी नुसतं ‘क. म्ह.’ लिहायला लागल्या.

लॉकडाउनपासून ऑडिशन घरी आली आणि त्यात मी सापडलो. याला सेल्फ टेप म्हणतात. भिंतीवर फिकट निळी चादर, समोर रिंग लाइट आणि इस्त्रीच्या टेबलावर डाळीचे दोन डबे रचून त्याला टेकवलेला मोबाइल. समोरच्या पात्राच्या ओळी वाचायला कुणीतरी लागतं. वहिनी वाचताना स्वतःच रडायच्या, बाबा ‘स्वल्पविराम’सुद्धा वाचायचे, म्हणून मला बोलावलं. मला आलेली पहिली भूमिका खाष्ट सासूची.

‘काका, तुम्ही फक्त ओळ वाचायची. अभिनय करायचा नाही.’

मी मान डोलावली. ‘या घरात माझ्या परवानगीशिवाय भाजीत मीठसुद्धा पडत नाही,’ अशी माझी ओळ होती. पहिल्या टेकला मी सरळ वाचली. दुसऱ्या टेकला कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्याला खालून भंगारवाला ओरडला. चौथ्यापर्यंत मीठ या विषयावर माझं स्वतःचं काही म्हणणं तयार झालं होतं. बँकेतली पस्तीस वर्षं, वरचे साहेब, बदल्या, सगळं त्या एका वाक्यात उतरलं. खोलीत शांतता पसरली. ती म्हणाली, ‘काका, जरा अंडरप्ले करा ना. सासू माझ्यावर चढतेय.’

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मुलगी नॉट फिट, पण मागचा आवाज कुणाचा आहे?

वहिनी माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

अखेर एका मालिकेत काम मिळालं. नायिकेची मैत्रीण, तीन दिवस, बारा-बारा तासांची शिफ्ट, शूटिंग ठाण्याला घोडबंदर रोडवर. सोबत वहिनी डबा घेऊन सेटवर. आया सेटवर नकोत, असं कुजबुजत सांगितलं गेलं, तेव्हा मीच पुरवलेला दाखला वहिनींनी काढला. १९१३च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये आई दुर्गाबाई कामत पार्वती होत्या आणि मुलगी कमलाबाई मोहिनी. आपल्या सिनेमातल्या पहिल्या नट्याच मुळी मायलेकी! प्रॉडक्शनवाला नम्रपणे म्हणाला, ‘सगळं खरं आहे काकू, पण तुम्ही बसलाय ती खुर्ची हिरोची आहे.’

भाग लागला त्या रात्री सोसायटीचे पंचवीस जण त्यांच्या हॉलमध्ये. हिचं वाक्य होतं, ‘अगं, वऱ्हाड आलं!’ घरी आठवडाभर आनंद, धास्ती आणि असूया अशा तिन्ही छटांत त्याची तालीम झालेली. ऐन क्षणी वाक्य ऐकू आलं, पण पडद्यावर चेहरा नायिकेचा. कडेला एक खांदा, जरीच्या काठाचा. अशा शॉटला सेटवर ‘सजेशन’ म्हणतात. सगळे गप्प. मग वहिनी ठामपणे म्हणाल्या, ‘तो डावा खांदा आमचाच.’ पंचवीस जणांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वाणी बाबांना म्हणाला, ‘काल मुलीला बघितलं, छान काम केलंय.’ बाबा आयुष्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसापुढे म्हणाले, ‘हो, मुलगी आमचीच.’

पैसे मात्र नव्वद दिवसांनी मिळणार होते. या धंद्यात तो रिवाज आहे. मी म्हटलं, ‘अगं, १९३९ साली नटी शांता आपटे करारावरून भांडण झालं तेव्हा प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. इथेच, आपल्या लॉ कॉलेज रस्त्याला. तूही बस.’ ती म्हणाली, ‘काका, मी गेले आठ महिने काकडी आणि ताकावर आहे. उपोषण केलेलं कळणार कुणाला?’

पुढच्या दोन वर्षांत तिची तीन लग्नं झाली, सगळी मालिकांमध्ये. दोन मंडपात मोडली, एक टीआरपीनं मोडलं. त्यातला एक नऊवारीतला फोटो आत्याबाईंनी परस्पर वधू-वर सूचक मंडळात दिला. स्थळ आलं. मुलगा पाहायला आला आणि त्याच्या आईनंच विचारलं, ‘पण हिचं तर त्या इन्स्पेक्टरशी झालंय ना?’

आणि मग सिनेमा. छोटा, पण नायिका हीच. शुक्रवारी आणखी तीन मराठी चित्रपटांबरोबर लागला. वाट्याला खेळ आला सकाळी सव्वानऊचा. त्या वेळी पुणेकर भाजी निवडतो किंवा दुसऱ्याची चूक काढतो, सिनेमा बघत नाही. सोसायटीनं मिनी बस केली. थिएटरात आम्ही तेवीस आणि परके चार. त्यातले दोघे एसीसाठी आलेले.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. वडील गेल्याचा फोन येतो. वहिनींनी आधीच रुमाल काढला होता. पडद्यावर ही फोन ठेवते. दोरीवरचे कपडे काढते. त्यात वडिलांचा सदरा निघतो. त्याची घडी घालते. मोडते, कॉलर नीट करून पुन्हा घालते. बस्स, एवढंच. डोळ्यांत टिपूस नाही. शिकारी मेल्यावर गणपतीच्या मांडवात हंबरडा फोडणारं ते झाड आता नुसतं उभं होतं आणि रडत आम्ही होतो. माझ्या शेजारी तिचे बाबा होते, धडधाकट. त्यांनी आपल्याच सदऱ्याची कॉलर चाचपून पाहिली.

सिनेमा दुसऱ्या शुक्रवारी उतरला. पण लिहिणाऱ्यांनी तो सदरा लक्षात ठेवला आणि त्यावरूनच पुरवणीतली ती मुलाखत आली.

संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलंच. ‘काय गं, अपघात? वही आणू का खाली? एकशे सेहेचाळीस ऑडिशन्स आहेत तीत.’

तिनं अडीच सेकंद खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, ‘काका, एकशे सेहेचाळीस सांगितल्या की लोक विचारतात, मग बाकीच्या एवढ्या जणांनी का नाही घेतलं? अपघात म्हटलं की कुणी काही विचारत नाही.’

पस्तीस वर्षं बँकेत बसून मी माणसांची खाती पाहिली. जमेची नोंद सगळे दाखवतात, ‘क. म्ह.’चे रकाने कुणी दाखवत नाही. तेव्हा यापुढे एखादी नवी नटी ‘अपघाताने आले’ म्हणाली तर हसू नका. तिच्या घरी पुठ्ठ्याची एक वही आहे, एवढं समजून घ्या.

मुलाखत आली म्हणून पुढचं काम आलं, असं काही होत नाही. आज रात्री साडेनऊला सेल्फ टेप क्रमांक एकशे सत्तेचाळीस आहे. मला पुन्हा सासू करायची आहे, अंडरप्ले. पहिल्या मजल्यावरच्यांनी तेवढा अर्धा तास कुकर लावू नये, ही नम्र विनंती.