आमच्या माणसाचं कोर्ट

सर्वोच्च न्यायालय बघायला जाताना मी काळा कोट घातला. ‘दिल्लीची थंडी’ हे कारण बायकोला सांगायला. खरं म्हणजे एखाद्या शिपायाने तरी ‘वकीलसाहेब’ म्हणावं एवढीच इच्छा. पण शनिवारच्या मोफत सहलीत घुसलेल्या माणसाचा कोट कितीही काळा असला तरी कोण फसतंय!

मग मी दुसरं अस्त्र काढलं. ही इमारत गणेश भिकाजी देवळालीकरांची. केंद्रीय बांधकाम खात्याचे पहिले भारतीय प्रमुख. मधला घुमटाचा भाग ही तराजूची दांडी, दोन टोकांना पारडी. १९५८ पर्यंत न्यायमूर्ती संसद भवनात, नरेंद्र मंडळाच्या दालनात बसत. त्यांना हक्काचं घर दिलं ते आमच्या गणेशरावांनी. (घुमटाखालून दहा पावलं गेल्यावर देवळालीकर माझे गणेशराव झाले होते.) बाहेरचा रस्ता टिळकांचा. सरन्यायाधीशांत गजेंद्रगडकर, बोबडे, लळीत, गवई आणि चंद्रचूड तर बापलेक दोघंही. त्यातले वडील सात वर्षांहून अधिक काळ, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. हे सगळं मी लखनौच्या एका कुटुंबाला माझ्या हिंदीत ऐकवलं. ती माणसं सभ्य होती.

“अहो,” बायको म्हणाली, “आपली बाल्कनी गळते, तेवढी दाखवा की गणेशरावांना.”

सरन्यायाधीशांच्या दालनात मात्र माझी बडबड थांबली. वडिलांनी बांधाचा दावा लावला तेव्हा मी शाळेत होतो. तारखेला ते इस्त्रीचा सदरा घालून तालुक्याला जायचे. व्हरांड्यात एकच बाकडं, त्यावरही फायलींचे गठ्ठे. दिवसभर उभं राहून पाय सुजवून घ्यायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. ते गेले, दावा राहिला. वारस म्हणून माझं नाव लागलं. बांध कुणाचा ते ठरायचंय. दावा मात्र निर्विवाद माझा.

गाईड मुलगी सांगत होती, न्यायमूर्तींच्या ग्रंथालयात २०२४ साली न्यायदेवतेची नवी मूर्ती बसवली. डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीच्या जागी संविधान. पट्टी जरा आधी काढली असती तर व्हरांड्यातला सदरा दिसला असता.

“कुछ सवाल?” तिने विचारलं.

गणेशरावांवरचा प्रश्न मी पाठ करून आलो होतो. तोंडातून निघालं, “एक केस कितने साल चलती है?”

ती गोड हसली आणि म्हणाली, “आइए, अब म्यूझियम की तरफ चलते हैं.”