चावीवाला आला का ओ?

"ओ अक्का, पाण्याचा चावीवाला दिसला का?"

"मघाशी सायकलवरून खालच्या बोळात गेला. त्यांचं सुटलं असणार. आपलं काय, अर्ध्या रात्रीच यायचंय."

अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, शेजारी तंबाखू. पान घ्यायचं, चिमूट भरायची, गुंडाळायचं, टोक दुमडून दोरा मारायचा, की लगेच दुसरं पान. बोटं त्यांची आपोआप चालतात, तोंड मोकळं. आमच्यामधे कमरेएवढी भिंत, तिच्यावर माझी कोपरं. दाजी पेठेतल्या निम्म्या बातम्या ह्याच भिंतीवरून इकडच्या तिकडं होतात.

"मी काय म्हणते, एवढ्या योजना आल्या," मी म्हटलं. "2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपल्या सोलापूरचं नाव लागलं, केवढा गाजावाजा! उजनीहून दुसरी पाइपलाइन टाकायची गोष्ट तर पोरं शाळेत होती तवापासून ऐकत होते. धरण आपल्याच जिल्ह्यात, पुण्याकडं पाऊस झाला की भरतंय. पण मला एक सांगा, चार-चार दिवसांनी पाणी येतं ह्याचा त्रास जास्त, का कधी येतं तेच कळत नाही ह्याचा?"

"कळत नाही ह्याचाच की ओ. परवा भाचीच्या साखरपुड्याला गेले नाही, पाण्याची वाट बघत बसले. आलं रात्री दोनला. सून हौदापाशी उभी, पोरगं आत रडतंय."

"आणि कोपऱ्यावरच्याची मोटार?"

"त्याला कोण सांगणार! पाणी सुटायच्या आधीच चालू करून बसतोय. आपल्याला करंगळीएवढी धार."

"मोटार एकाची, पण बिनतोटीचे नळ किती आहेत बगा. भरून झालं की तसंच सोडून देतात. बोळात पाय ठेवायला जागा नाही, आणि शेवटच्या घरात घागर रिकामी."

अक्कांनी विड्यांची एक जुडी बांधून बाजूला ठेवली. मला तेवढीच सवड मिळाली.

"माझे सासरे जुन्या गिरणीत होते. 1877 ची गिरणी ती. भोंगा झाला की सगळ्या पेठा जाग्या व्हायच्या. भाकरी कधी थापायची, डबा कधी भरायचा, सगळं भोंग्यावर. घरात घड्याळ नसलं तरी अडायचं नाही. गिरण्या गेल्या, भोंगेही गेले. मला वाटतं, पाण्याला एक भोंगा पाहिजे. चावी फिरवली की मारुतीच्या देवळातली घंटा वाजवायची."

"रात्री दोनला घंटा वाजली तर लोक आग लागली म्हणून पळत सुटतील."

"पळू द्या की! सगळे रस्त्यावर आले तर पाणी दिवसा सोडा म्हणून सांगायला माणसं तरी जमतील. नायतर एक फळा लावायचा. आज वरची गल्ली, उद्या खालची. चावीवाल्याला ठाऊक असतंय सगळं, विचारायला कोण जात नाही. भेटला की भांडायचं, एवढंच ठाऊक."

"फळा लिहिणार कोण?"

"मंडळाची पोरं. गणपतीला वर्गणीचं पुस्तक घेऊन घरटी फिरतात का नाही? कोण दिलं, कोण चुकवलं, सगळं तोंडपाठ. त्यांना कुणाच्या नळाला तोटी नाही ते माहीत नसेल? डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात आख्ख्या गल्लीला तोट्या बसतील."

"लेझीम बंद करायला सांगता की काय?"

"लेझीम कशाला बंद! लेझमाशिवाय सोलापूरची मिरवणूक ती कसली? डॉल्बी म्हणाले मी. आणि बगा, आपलं ग्रामदैवतच पाण्याचं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, म्हणून तर देऊळ पाण्यात उभं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घालून माणसं अडुसष्ट लिंगांना जातात. तेवढी उंच काठी पेलायची म्हणून पोरं आधीपासून सराव करतात. एक दमला की दुसरा पुढं होतो, कुणी सांगावं लागत नाही."

"आमच्या मार्कंडेयाच्या रथालाही तसंच. नारळी पौर्णिमेला बगा, आख्खा पूर्वभाग रस्त्यावर."

"तेच म्हणते मी! माणसं आहेत, शिस्त आहे, हिशेबाची वही आहे. सण झाला की सगळं पोटमाळ्यावर का टाकायचं?"

अक्का गप्प झाल्या. समोरच्या शेडमधला यंत्रमाग मात्र खटखटत होता.

"आणि एक कडुलिंब लावा," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात 44 डिग्रीला त्या शेडच्या भिंतीला चिकटून बसावं लागतं म्हाताऱ्यांना. त्यांना आत पंख्याखाली करमत नाही."

"लावू की. नळाचं सांडलेलं पाणी तिकडंच वळवायचं. झाडाभोवती कट्टा बांधला तर?"

"कट्टा नको. पोरं पत्ते कुटत बसतील."

"म्हाताऱ्यांना बसायला काय पाहिजे मग?"

"म्हातारे पण पत्तेच कुटणार. बरं, बांधा. पण माझ्या दारासमोर नको."

झाडाला सगळे तयार, पण कट्टा शेजाऱ्याच्या दारात! ह्या गल्लीत मी तीस वर्षं तेच बघतेय.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "आधी पाण्याचं करू. माझी पोरगी मोबाइलवर ग्रुप काढते म्हणतेय. चावी फिरली की एक ओळ, 'वरची गल्ली सुटली', बस. दुसरं काही टाकायचं नाही."

"फुलांचे फोटो आणि शुभ सकाळ?"

"टाकणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर."

"मग पहिलं तुमच्या मालकांनाच काढावं लागेल वैनी. काल एकट्यानं मला चार गुलाब पाठवले."

"काढू की! पाणी आलं तर त्यांना मी तोंडी सांगेन."

"आणि सांगून तरी काय होणार? घागर भरायला ते कधी उठलेत!"